साड्यांच्या कपाटातला सॅक्सोफोन

कपाटकाका सॅक्सोफोन वाजवायचे ते कपाटाकडे तोंड करून. बेडरूममधल्या लाकडी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडायची, समोर प्लॅस्टिकचं स्टूल ओढायचं, आत टांगलेल्या काकूंच्या साड्यांमध्ये वाद्याचं तोंड खुपसायचं आणि सुरू व्हायचं. सिंगापूरमधल्या हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये भिंती पातळ आणि शेजारी जागरूक. रविवारी दुपारी कुणी मिक्सर लावला तरी तीन मजले वरून विचारणा होते. अशा जागी तीस वर्षं ह्या माणसानं जगातलं सगळ्यांत उतावळं, सगळ्यांत दंगेखोर संगीत वाजवलं, आणि ते ऐकलं मुख्यतः इरकली आणि नारायणपेठी साड्यांनी.

नाव ठेवलं आमच्या ईशानं. चार वर्षांची असताना मी तिला बाराव्या मजल्यावर त्यांच्याकडे डबा द्यायला घेऊन गेलो होतो. ती धावत बाहेर आली आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पप्पा, अंकल इज प्लेइंग टु द कबर्ड, लाह!" काका स्वतःच इतके हसले की पुढचं वाजवायला त्यांना श्वास उरला नाही. त्या दिवसापासून आमच्या मराठी ग्रुपात ते कपाटकाका झाले. त्यांचं खरं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना आजही आठवून सांगावं लागेल.

साड्यांची युक्ती काकूंची. लग्नानंतर काका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातली नोकरी घेऊन सिंगापूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्यांनी दार ठोठावलं. काकूंनी त्यांची क्षमा मागितली, दार लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या साड्यांत तोंड घालून वाजवा. कुणाला त्रास नाही, आणि मलाही थोडं कमी ऐकू येईल." हा किस्सा काका त्यांच्यासमोरच सांगायचे आणि काकू स्वयंपाकघरातून "खोटं आहे, थोडं नाही, बरंच कमी म्हणाले होते मी" असं ओरडायच्या. मग काका मला भिंतीसमोर उभं करून टाळी वाजवायला लावायचे, नंतर कपाटासमोर. भिंतीनं टाळी परत दिली, कपाटानं ठेवून घेतली. "बघ मिलिंद," ते म्हणायचे, "ही आमची रेकॉर्डिंग कंपनी. सगळं आत जमा आहे."

मूळचे भुसावळचे. वडील रेल्वेत, आणि तिथल्या रेल्वे क्लबात एक गोवेकर बँडमास्तर शनिवारी सॅक्सोफोन वाजवायचा. शाळकरी वयात काकांनी ते खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं आणि पुढचं सगळं आयुष्य तिथंच वाकडं झालं, असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. मास्तरांनी त्यांना वाद्य शिकवलं आणि जाताना एक जुनी तबकडी दिली. ती बीबॉपची होती. बीबॉप म्हणजे जॅझचीच एक जात. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमधली काही काळी पोरं रोज नाचणाऱ्यांसाठी बँडमध्ये वाजवून कंटाळली. काम संपलं की ती एका लहानशा जागेत जमायची आणि मनासारखं वाजवायची. लय अशी की नाचणाऱ्याचे पाय अडखळावेत, सूर असे की कच्च्या वाजवणाऱ्यानं वाद्य गुंडाळून घरी जावं. काका सांगायचे, "त्यांनी जगाला सांगितलं, नाचलात तेवढं पुरे. आता खाली बसा आणि ऐका."

त्या मंडळींना काका कधी नावानं हाक मारत नसत. थेट नातं लावत. आल्टो सॅक्सोफोनवाले ते 'आपले थोरले'. गालांचे फुगे करून ट्रम्पेट वाजवणारे ते 'गालफुगे मामा'. निरनिराळ्या टोप्या घालून पियानोवर बसणारे, आणि मध्येच उठून स्वतःभोवती गिरकी घेणारे, ते 'टोपीवाले भाऊजी'. नवीन माणसाला वाटायचं, काकांचं भुसावळला फारच मोठं खटलं दिसतंय. थोरल्यांची तिथी आली की काका त्या दिवशी दाढी करत नसत. "पस्तिशीही गाठली नाही रे," ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकवर वाळणाऱ्या कपड्यांकडे पाहत राहायचे. "लोक म्हणतात, फार घाईत वाजवायचा. त्याला ठाऊक असणार, वेळ कमी आहे." दुसऱ्याच क्षणी डोळे पुसून मला विचारायचे, चहा टाकू का.

मी लहानपणी पुण्यात तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला शिष्य करून टाकलं. दर शनिवारी सकाळी चांगी बिझनेस पार्कच्या आठवडाभराच्या मीटिंगांनी भंजाळलेलं डोकं घेऊन मी बाराव्या मजल्यावर जायचो. त्यांचा नियम एकच होता. ऐकताना मान डोलवायची नाही, मांडीवर ठेका धरायचा नाही. "आधी ऐक. डोलायला आयुष्य पडलंय." मग आम्ही खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांकडे जायचो. तिथला कॉफीवाला अंकल एका दमात दहा गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आत ओरडून सांगायचा. काका रांगेत उभं राहून डोळे मिटून ते ऐकायचे. "कोपी-ओ, कोपी-सी, तेह-ओ-पेंग... बघ, बघ, श्वास कुठं घेतला कळलं का तुला?" मला कधीच कळलं नाही. मागचे लोक मात्र पुढे सरका म्हणून खुणा करत असत.

एक शनिवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी मला बीबॉपवाल्यांची खरी खोड सांगितली. ही मंडळी एखादं जुनं, सगळ्यांच्या ओठांवरचं गाणं घ्यायची. त्याची चाल काढून टाकायची, आणि तिच्याखाली स्वरांचे जे खांब असतात तेवढे शिल्लक ठेवायची. त्या खांबांवर स्वतःची नवी, वेडीवाकडी, भरधाव चाल उभी करायची. नाव नवीन, सूर नवीन. ऐकणाऱ्याला पत्ताच लागत नाही. मी विचारलं, "मग जुनं गाणं ठेवायचं तरी कशाला?" काकांनी रीड, वाद्याच्या तोंडाची ती वेताची पट्टी, ओठांत ओली करत जरा विचार केला. "वरून बघणाऱ्याला कळत नाही खाली कुणाचं घर आहे. वाजवणाऱ्याला मात्र घडीभरही विसरता येत नाही." मी मान हलवली आणि घड्याळात पाहिलं. ईशाच्या स्विमिंगची वेळ झाली होती.

काकूंचं वाद्य वेगळंच होतं. आमच्या भागात मराठी घरात बाळ जन्मलं की बारशाला पाळणा म्हणायला काकू. इथं आज्या नाहीत. आल्या तरी तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि बाळाच्या अंघोळीतच दमून जातात. काकूंनी स्वतःचा पाळणा रचला होता, चालही त्यांचीच. 'सातव्या मजल्यावरी चांदोबा आला गं, लिफ्टची वाट बघून दमून गेला गं.' सातवा मजला आमचा, ईशाच्या बारशाला. दुसऱ्या बाळाकडे चौथा व्हायचा, तिसऱ्याकडे अकरावा. प्रत्येक बाळाला त्याचा त्याचा मजला. मी तर म्हणेन, हौगांगमधल्या त्या दहा-बारा वर्षांतल्या सगळ्या मराठी पोरांनी आयुष्यात ऐकलेलं पहिलं गाणं तेच. काकूंना स्वतःला मूल नव्हतं. ह्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. पाळणा म्हणून झाला की बाळाच्या तळव्याला बोट लावायच्या आणि जिलबी घ्यायला सगळ्यांच्या आधी उठायच्या.

ईशा पाच वर्षांची असताना काकू गेल्या. आजार कळला आणि चार महिन्यांत सगळं संपलं. नंतर ग्रुपातल्या बायकांनी काकांना हळूच सुचवलं, साड्या कुणाला तरी देऊन टाका, बघून त्रास होईल. काकांनी शांतपणे सांगितलं, "देता येणार नाहीत. आवाज शोषतात त्या." ते व्यवहाराचं बोलत आहेत असं समजून सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. बारशी होतच राहिली. कुठलातरी पाळणा आम्ही फोनवरून लावायला लागलो.

त्यानंतर पाचेक वर्षांनी, एका शनिवारी, काकांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. चौदा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. त्यांनी एक चाल बांधली होती, बीबॉपच्या पद्धतीची. कपाटासमोर वाजवून वाजवून ती पक्की केली होती. बुकित पंजांगला राहणारे मिस्टर गोह, टॅक्सी चालवून निवृत्त झालेले आणि माणसाहून उंच असा डबल बास वाजवणारे, साथीला तयार होते. "एकदा, फक्त एकदा, ती लोकांपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची आहे. कपाट बंद करून." त्यांना धाप लागायला लागली होती, डॉक्टरांनी फुप्फुसांचं काहीतरी सांगितलं होतं. फार थांबता येणार नाही, असं ते हसत म्हणाले.

मी आमच्या ग्रुपाचा कार्यक्रम ठरवणारा. आमची दिवाळी पहाट रविवारी सकाळी साडेदहाला होते, कारण हॉल दहाच्या आधी मिळत नाही. मी त्यांना आठ मिनिटं दिली आणि वर शहाणपणही. "काका, लोकांना ओळखीचं काहीतरी वाजवा हं."

"ओळखीचंच आहे," काका म्हणाले.

"म्हणजे लोकांना ओळखता येईल असं."

"शेवटपर्यंत बसले तर ओळखतील." आणि त्यांनी मला स्वरलिपीचे दोन कागद पिन करून दिले, कार्यक्रमाच्या फाइलसाठी. ती पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही. मी पहिल्या पानावरचे काळे ठिपके पाहिले, छान म्हणालो आणि कागद फाइलमध्ये सारले.

त्या रविवारी सगळंच लांबलं. मुलांचा नाच दोनदा झाला, कारण पहिल्यांदा गाणं मध्येच बंद पडलं. एका बाईंनी ठरलेल्या एका गीताची तीन केली. पाठीमागच्या टेबलांवर चकली-अनारसे मांडून झाले होते, आणि बाराला हॉल रिकामा करून द्यायचा होता. काका पांढरा झब्बा घालून आले होते, दाढी गुळगुळीत. स्टेजवर जाताना मी त्यांच्या कानात म्हणालो, "काका, पाच मिनिटांत बसवा." त्यांनी सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात अडकवला.

कपाटाबाहेर त्यांचा सॅक्सोफोन मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आवाज असा अंगावर आला की पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं. गोहंचा बास खालून चालत होता आणि काका वरून पळत होते. सत्तरीचा माणूस तो, पण बोटं पंचविशीची. अर्ध्या मिनिटानं आमच्या मंडळींनी, चांगल्या मनानं, टाळ्यांचा ठेका धरला, आरतीला धरतात तसा. बीबॉपवर तो बसेना. टाळ्या एकीकडे आणि काका दुसरीकडे, असं दोन आवर्तनं चाललं. मग टाळ्या विस्कटल्या, लोक हसले आणि एकमेकांशी बोलायला लागले. काही जण उठून टेबलांकडे गेले. मी स्टेजच्या कडेला उभा होतो. चौथं मिनिट संपलं होतं. काकांनी गोहंकडे पाहून मान खाली-वर केली, आणि लय एकदम उतरायला लागली. मला वाटलं, संपलं. नव्हे, मला वाटून घ्यायचं होतं की संपलं. मी हात वर करून घड्याळावर बोट ठेवलं आणि माइक उचलला.

काकांनी वाद्य तोंडापासून बाजूला केलं. गोह आणखी दोन स्वर वाजवून थांबले. "कपाटकाकांसाठी जोरदार टाळ्या!" मी म्हणालो, आणि टाळ्या खरोखरच जोरदार झाल्या.

काका माझ्यावर रागावले नाहीत, हे मला अजून सहन होत नाही. खाली उतरून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शेवट राहिला," एवढंच म्हणाले. मी लगेच म्हणालो, "पुढच्या वर्षी पूर्ण पंधरा मिनिटं, काका. शब्द देतो." ते म्हणाले, "बघू या." चकलीही खाल्ली. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा नेहमीसारखा चहा टाकला, थोरल्यांची तबकडी लावली. सॅक्सोफोन मात्र कपाटात होता आणि दारं बंद होती.

पुढची दिवाळी त्यांना मिळाली नाही. पावलं मोजून टाकावी लागतील इतका श्वास कमी झाला, मग नाकात नळी आली, मग हॉस्पिटल. शेवटच्या भेटीत मी मूर्खासारखा म्हणालो, "काका, पंधरा मिनिटं राखून ठेवलीत." त्यांनी माझा हात धरून ठेवला. वाजवणाऱ्याचा हात तो, बोटं तेव्हाही माझ्या मनगटावर हलत होती. कुठली चाल ते मला कळलं नाही.

मंडाईच्या स्मशानात मिस्टर गोह आले होते. सगळं आटोपल्यावर ते माझ्या शेजारी बसमध्ये बसले. मग म्हणाले, "दॅट डे, यू स्टॉप हिम टू अर्ली, लाह. द फास्ट वन इज ओन्ली द टॉप. एंडिंग इज स्लो. वाइफ्स साँग. ही सेड ऑल युअर पीपल नो धिस साँग." त्यांनी विचारलं, "ही गेव्ह यू द पेपर, वॉट. यू नेव्हर सी?"

घरी येऊन मी फाइल काढली. पहिलं पान, काळे ठिपके. पिन न काढता दुसरं पान उलटलं. तिथंही वरती ठिपकेच होते, पण शेवटच्या दोन ओळींत ते विरळ झाले होते. आणि त्या ठिपक्यांच्या खाली, काकांच्या बारीक अक्षरात, स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: 'बाराव्या मजल्यावरी चांदोबा आला गं.'

मी इतके महिने तो कागद घरात ठेवून होतो. ठिपके वाचता येत नव्हते हे खरं. ही ओळ तर मला वाचता येत होती.

माझी बायको, मेधा, माझ्या खांद्यावरून वाचत होती. "मिलिंद, हा काकूंचा पाळणा आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण बाराव्यावर कुणाचं बाळ होतं?" तिनं विचारलं आणि तिचं तिलाच उत्तर मिळालं. आमच्या ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर मराठी घर एकच होतं. तो मजला काकूंनी कुठल्याच बारशाला म्हटला नव्हता. घरात कधीतरी, एकटीनं, म्हटला असेल. आणि काकांनी तो ऐकला असेल, कपाटात तोंड घालून वाजवताना. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून रडलो.

जळगावहून त्यांचा पुतण्या आला, त्यानं घर आवरलं. सॅक्सोफोन गोहंकडे गेला. साड्या ग्रुपातल्या बायकांनी एकेक करून नेल्या. कपाट रिकामं झाल्यावर मी त्याच्यासमोर उभं राहून एकदा टाळी वाजवली. ती लगेच परत आली.

गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याकडे बारसं होतं. मेधानं सांगितलं, "पाळणा मी म्हणणार, फोनवरचा लावायचा नाही." मी गोहंना फोन केला. ते बास घेऊन आले, दिवाणखान्यात तो उभा करायला सोफा सरकवावा लागला. त्यांनी आधी एकट्यानंच सुरुवात केली, त्या रविवारच्याच वेगात. "हिज टर्न," ते मला म्हणाले, "वी वेट." खालचे खांब तेवढे चालत होते, वर कुणीच नव्हतं. पाहुणे गोंधळून एकमेकांकडे बघत होते. कुणी टाळ्यांचा ठेका धरायच्या आधीच मी हात जोडून सगळ्यांना गप्प बसवलं. चार आवर्तनं आम्ही तशीच ऐकली. मग गोहंनी लय उतरवली आणि मेधानं पाळण्याची दोरी हातात घेतली.

'चौथ्या मजल्यावरी चांदोबा आला गं.' तिचा आवाज काकूंसारखा नाही, जरा बसकाच आहे. काकूंची नारायणपेठी नेसली होती ती. जुन्या बायका एकेक करून गुणगुणायला लागल्या. ईशा दाराशी उभी होती, तिचेही ओठ हलताना मी पाहिले. शेवटच्या फेरीला मेधानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, 'बाराव्या मजल्यावरी चांदोबा आला गं.'

बाळाची आई माझ्या शेजारीच बसली होती. ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "दादा, वहिनी चुकल्या. आम्ही चौथ्यावर राहतो."

"माहीत आहे," मी म्हणालो. "होऊ दे पूर्ण."